तुंबडीने उतरलेलं बीपी किती दिवस टिकतं?

आज १७ मे, जागतिक उच्च रक्तदाब दिन. तपासणी शिबिरांच्या बातम्या नेहमीप्रमाणे येतील. मला बोलायचंय ते ‘हिजामा करा, बीपीची गोळी सोडा’ या सल्ल्याबद्दल, कारण तो ऐकणारी माणसं घरोघरी आहेत.

हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं, आणि तुंबडी आपल्याला नवी नाही. रक्त काढायला शिंग, जळू आणि भोपळा सुश्रुतसंहितेत सांगितले आहेत. युनानी वैद्यकात हिजामा आजही शिकवला जातो. पाठीवर प्लास्टिकचा कप ठेवून पंपाने हवा ओढतात, कातडी फुगून जांभळी पडते. मग कप काढून ब्लेडने वरवर बारीक चिरा देतात आणि कप पुन्हा लावतात. थोड्याच वेळात त्यात काळपट, गोठू लागलेलं रक्त जमतं. ‘हे बघा, अशुद्ध रक्त’ म्हणून तेच दाखवलं जातं. खरं तर ते आपलं नेहमीचंच रक्त.

बीपीवर याचा उपयोग होतो का, हे जेद्दाहमधल्या डॉक्टरांनी ८० रुग्णांवर तपासलं. २०१५ साली छापून आलेल्या या अभ्यासात निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत एक दिवसाआड तीनदा हिजामा केला, उरलेल्यांचे फक्त नेहमीचे उपचार चालू ठेवले. चार आठवड्यांनी हिजामावाल्यांचा वरचा आकडा सरासरी ८.४ ने कमी भरला. आठव्या आठवड्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. गंभीर त्रास कोणाला झाला नाही, हेही नोंदवायला हवं. मात्र कप आपल्याला लागलाय की नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. नुसत्या विश्वासानेही बीपी थोडं उतरतं. आणि हिजामा इथे उपचारांच्या जोडीला होता, गोळीच्या जागी नव्हता.

गोळी सोडणाऱ्याची फसगत होते ती अॅम्लोडिपिनमुळे. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ही गोळी शरीरातून फार सावकाश जाते. तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. सोमवारी गोळी बंद करून हिजामा केला, तर बुधवारी बीपी बरं दिसणारच. श्रेय कपाला मिळतं, आकडा धरून ठेवलेला असतो कालपरवाच्या गोळीने. पुढच्या आठवड्यात बीपी चढतं तेव्हा डोकंही दुखत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. अशा बेसावध माणसाला पक्षाघात गाठतो, याचा मला मनापासून राग येतो.

पाठ मोकळी वाटते म्हणून कोणाला हिजामा करायचा असेल, तर जरूर करावा. ब्लेड आणि कप आपल्यासमोर फोडलेल्या पाकिटातले हवेत, नाहीतर कावीळ बी आणि सी यांचा धोका आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. बीपीची गोळी मात्र त्या दिवशीही चुकवू नये. आणि हिजामा करणाऱ्याने कप लावण्याआधी बीपी मोजून कागदावर लिहून द्यावं. महिन्याने, दोन महिन्यांनी पुन्हा मोजून त्याच कागदावर खाली लिहावं.