मेक्सिकोची गुडघ्यावरची पुरी

गेल्या महिन्यात आम्ही मुलांना घेऊन शहरातल्या एका मॉलमध्ये गेलो होतो. तेथे काचेच्या एका दुकानात साखरेत घोळवलेल्या तळणीच्या कांड्या मांडल्या होत्या. पाटीवर नाव होते ‘चुरोज’. मुलीने मागितले. भाव वाचला आणि आमच्यातला हिशेबनीस जागा झाला. मैदा, पाणी, तेल आणि साखर एवढ्याच मालाचे एवढे मोल! ‘‘त्यापेक्षा घरी करून देतो,’’ असे आम्ही बोलून गेलो. दिलेला शब्द पाळणे आले. म्हणून चौकशीला लागलो आणि एका तळणीच्या पदार्थामागे केवढा इतिहास दडलेला असतो हे कळले. तो इतिहास आणि ती कृती, दोन्ही येथे देत आहोत.

चुरो मूळचा स्पेनचा. मेक्सिकोत तो शहरातल्या दुकानांतून आणि गाड्यांवर मिळतो. मेक्सिको शहरातले ‘एल मोरो’ हे दुकान १९३५ पासून चुरो आणि गरम चॉकलेट विकत आले आहे. पण नाताळच्या दिवसांत तेथल्या घराघरांतून, चार बायका एकत्र बसून, जो गोड पदार्थ तळतात त्याचे नाव बुन्युएलो. दिसायला आपल्या मोठ्या पुरीसारखा, पण पापडासारखा पातळ आणि कुरकुरीत. त्याच्या एका प्रकाराला ‘बुन्युएलो दे रोदिया’ म्हणतात. रोदिया म्हणजे गुडघा. लाटलेली पोळी गुडघ्यावर स्वच्छ फडके टाकून त्यावर हलक्या हाताने ताणतात, म्हणून हे नाव.

अर्जात सापडलेला गहू

१५२१ साली स्पॅनिश सैन्याने मेक्सिको जिंकला. त्याआधी त्या देशात गहू नव्हता, ऊस नव्हता, गाय आणि डुक्करही नव्हते. त्यामुळे कढईभर तूप किंवा चरबी घेऊन तळण्याची रीतही नव्हती. लोक मका खात. चुन्याच्या पाण्यात मका शिजवायचा, दगडी पाट्यावर वाटायचा आणि त्याची भाकरी तव्यावर भाजायची. तीच तोर्तिया. उलट, आज ज्यांच्यावाचून आपला स्वयंपाक अडतो ती मिरची आणि टोमॅटो, आणि आपल्या बाजारातला मका व पेरू, हे सर्व अमेरिका खंडातून आपल्याकडे आले.

मग मेक्सिकोत गहू पहिल्यांदा कोणी पेरला? आम्ही कारकून माणसे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर एका अर्जात सापडले याचा आम्हाला विशेष आनंद झाला. हुआन गारिदो नावाचा एक आफ्रिकी काळा माणूस स्पॅनिश फौजेबरोबर तेथे गेला होता. फौजेत तो होता, म्हणजे त्या जुलुमी स्वारीचा वाटेकरीही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आयुष्यभर चाकरी करूनही पदरात काही पडले नाही, म्हणून १५३८ साली त्याने राजदरबारी अर्ज केला. त्यात त्याने नमूद केले की, या देशात गहू येतो का हे पाहण्यासाठी पहिली पेरणी आपण केली आणि तीही स्वखर्चाने. राजेरजवाड्यांच्या कथा पुष्कळ लिहिल्या जातात. शेतात बी टाकणाऱ्याचे नाव मात्र त्याने स्वतः अर्ज केला म्हणून राहिले.

धान्याची उतरंड

गहू आला आणि त्याच्याबरोबर उतरंडही आली. गव्हाची रोटी साहेबाची, मक्याची भाकरी मूळच्या रहिवाशांची. चर्चमधल्या प्रसादाची भाकर तर गव्हाचीच लागे. ज्याच्या ताटात गहू तो वरचा, ज्याच्या ताटात मका तो खालचा, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या मुरली. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या मेक्सिकन विद्वानाने पुस्तक लिहून मानवजातीचे गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे असे तीन वंश पाडले आणि प्रगती फक्त गहूवाल्यांच्या नशिबी आहे असे ठरवून टाकले! माणसाच्या गरिबीचे कारण त्याच्या हिसकावलेल्या जमिनीत शोधायचे सोडून त्याच्या भाकरीत शोधण्याचा हा प्रकार होता.

पुढे आहारशास्त्राने या विद्वत्तेचा फोलपणा उघड केला. चुन्याच्या पाण्यात शिजवल्याने मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. ज्या ज्या देशांनी मका नेला पण ही रीत नेली नाही, तेथल्या मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. चुन्यातला मका आणि सोबत घेवड्याची उसळ हे पोषणाच्या दृष्टीने उत्तम जेवण आहे. म्हणजे ज्यांना अडाणी ठरवले त्यांच्या आयाआज्यांना जे ठाऊक होते, ते विद्वानांना ठाऊक नव्हते. ज्वारी, बाजरी, नाचणीवर वाढलेल्या आणि त्यावरून टोमणे ऐकलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आज तीच नाचणी शहरात चकचकीत पाकिटातून महाग विकली जाते. धान्य तेच आहे. फक्त त्याच्याकडे पाहणारे डोळे बदलले.

गुळाचीही अशीच गोष्ट. बुन्युएलोवर घालतात तो पाक ‘पिलोनसियो’चा असतो. पिलोनसियो म्हणजे उसाच्या रसाचा साच्यात ओतलेला, शंकूच्या आकाराचा गूळच. उसाच्या रसापासून साखर करण्याची विद्या भारतातून अरबांमार्फत स्पेनला आणि तेथून मेक्सिकोला गेली. पण तेथे उसाच्या मळ्यांवर राबले ते गुलाम करून आणलेले आफ्रिकी आणि वेठीला धरलेले मूळ रहिवासी. पुढे मोरेलोस प्रांतात साखरेच्या जमीनदारांनी गावांच्या जमिनी गिळल्या, तेव्हा एमिलियानो सापाताने शेतकऱ्यांना उभे केले आणि नोव्हेंबर १९११ च्या आयाला जाहीरनाम्यात त्या जमिनी परत मागितल्या. १९१९ साली त्याला दगा देऊन मारले. गोड पाकाला ही कडू बाजूही आहे.

तरीही लोकांनी काय केले पाहा. जेत्यांनी आणलेला गहू घेतला, पण पोळी केली ती तोर्तियासारखी गोल आणि पातळ. पीठ भिजवायला टोमॅटिलो या आपल्या देशी हिरव्या फळाची कागदी टरफले उकळून ते पाणी घातले, म्हणजे पीठ हलके होते. पाकात पेरू टाकला. साहेबाचा पदार्थ स्वतःच्या गुडघ्यावर ताणून आपला केला.

घरी करायची कृती

साहित्य (सुमारे १० नगांसाठी) : मैदा २ वाट्या (सुमारे २५० ग्रॅम), बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ पाव चमचा, साखर १ मोठा चमचा, अंडे १, पातळ केलेले तूप किंवा तेल २ मोठे चमचे, बडीशेप १ छोटा चमचा, तळण्यासाठी तेल.

पाकासाठी : गूळ २५० ग्रॅम, पाणी २ वाट्या, बोटभर दालचिनी, पिकलेले पेरू २.

पाऊण वाटी पाण्यात बडीशेप उकळून गाळावी. तेथे यासाठी बडीशेपेच्या जातीचा दुसरा दाणा वापरतात, पण आपल्या बडीशेपेने काम भागते. मैद्यात कोरडे जिन्नस मिसळून मधे खळगा करावा, त्यात अंडे आणि तूप घालावे आणि बडीशेपेचे कोमट पाणी थोडे थोडे घालून पीठ मळावे. सुमारे अर्धी वाटी पाणी पुरते. अंडे नको असेल त्यांनी तेवढे पाणी वाढवावे. पीठ पोळीच्या कणकेसारखे मऊ असावे आणि निदान दहा मिनिटे चांगले मळावे. मग झाकून अर्धा तास ठेवावे. दहा गोळे करून ते पुन्हा पंधरा मिनिटे झाकून ठेवावेत. या दोन्ही विश्रांती टाळू नयेत. न मुरलेले पीठ ताणले की आखडते, नाहीतर फाटते.

गोळा आधी लाटण्याने पुरीएवढा लाटावा. मग गुडघ्यावर स्वच्छ, सुती फडके टाकून त्यावर पोळी ठेवावी आणि कडेकडेने खाली ओढत फिरवावी. पलीकडचे दिसेल इतकी ती पातळ व्हावी. गुडघ्याचा संकोच वाटत असेल तर पालथे पातेले घ्यावे, त्यावरही ती तशीच ताणते. ताणलेल्या पोळ्या कापडावर पाच-दहा मिनिटे वाळू द्याव्यात, म्हणजे तेल कमी पितात.

तेल तापले की नाही हे पाहायला पिठाचा कण टाकावा. तो क्षणात बुडबुड्यांसह वर आला पाहिजे. एका वेळी एकच पोळी सोडावी, झाऱ्याने हलके दाबावी आणि दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की उभी धरून निथळावी. साखर आणि दालचिनीची पूड वरून भुरभुरावी. किंवा गूळ, पाणी, दालचिनी आणि पेरूच्या फोडी पंधरा-वीस मिनिटे उकळून केलेला पातळ पाक खातेवेळी वर ओतावा. पाकाशिवाय घट्ट झाकणाच्या डब्यात बुन्युएलो तीन-चार दिवस कुरकुरीत राहतात.

स्वयंपाकघर ही प्रयोगशाळाच आहे, हे सतराव्या शतकातल्या मेक्सिकोच्या एका विदुषीने सांगून ठेवले आहे. सोर हुआना इनेस दे ला क्रूस ही जोगीण कवयित्री होती. ऐहिक विषय सोडून तिने धर्मग्रंथांकडे वळावे असा उपदेश एका बिशपने केला, तेव्हा १६९१ साली तिने त्याला दीर्घ उत्तर लिहिले. पुस्तके बंद केली तरी आपण स्वयंपाकातून शिकलो, अंडे तेलात-तुपात घट्ट होते आणि पाकात विस्कटते हे पाहिले, असे सांगून ती म्हणते की अॅरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी लिहिले असते. ज्यांना शिकू दिले नाही त्यांनी चुलीपाशीही शिक्षण सोडले नाही, असा याचा अर्थ.

चुरो करताना सावधान

आता मुलीला कबूल केलेला चुरो. एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा तेल घालून उकळी आणावी. आच बंद करून एक वाटी मैदा एकदम घालावा आणि मोदकाच्या उकडीसारखा गोळा होईपर्यंत घोटावे. जरा निवल्यावर, गुठळी न ठेवता मळून, चकलीच्या सोऱ्यात भरावे आणि बोटभर लांबीच्या कांड्या पाडून तळाव्यात.

सोऱ्याला चांदणीचीच चकती लावावी. आम्ही पहिल्या खेपेला घाईत गोल भोकाची लावली. एक कांडी कढईत फट्‌दिशी फुटली आणि गरम तेल आमच्या मनगटावर उडाले. मुले चुलीजवळ नव्हती म्हणून निभावले. कारण नंतर कळले. गोल कांडीची वरची साल लगेच घट्ट होते, आत वाफ कोंडते आणि वाट मिळाली नाही की स्फोट होतो. चांदणीच्या खाचांमुळे कांडी सारखी शिजते आणि हा धोका टळतो. सोऱ्यात पीठ दाबून भरावे, हवा राहू देऊ नये आणि मुलांना कढईपासून दूर ठेवावे.

फुटणारे भांडे

शेवटी वाहाका शहराची एक रीत सांगतो. नाताळच्या दिवसांत तेथल्या चौकात बुन्युएलोचे ठेले लागतात. मातीच्या ताटलीत बुन्युएलो मोडून वर पाक घालून देतात. खाऊन झाले की मनात एक इच्छा धरायची आणि ताटली फेकून फोडायची. श्रीमंत असो, मोलकरी असो, सगळ्यांची ताटली सारखीच आणि सगळ्यांची सारखीच फुटते.

हे वाचले आणि आम्ही थोडा वेळ थांबलो. मातीचे भांडे म्हटले की आपल्या घरात दुसरीच आठवण निघते. पेशवाईत गळ्यात बांधलेले मडके, आणि पुढे चहाच्या दुकानाबाहेर वेगळा ठेवलेला कप. भांडे एकच. एका ठिकाणी ते विटाळाच्या भयाने वेगळे ठेवले, दुसऱ्या ठिकाणी ते सगळे मिळून आनंदाने फोडतात. भांड्याला काय ठाऊक? गव्हाला आणि मक्याला तरी काय ठाऊक? उतरंड माणूस रचतो, आणि ती उतरवायची तीही माणसानेच.

त्या रविवारी आमच्या घरी लाटणे मुलाच्या हाती होते, पोळी ताणली मुलीने आणि आम्ही, आणि घरच्या मंडळींनी पहिल्यांदाच खुर्चीवर बसून देखरेख केली. गुडघा बाईचाच लागतो असे कोठेही लिहिलेले नाही. पहिले चार बुन्युएलो फाटले, ते आमच्या वाट्याला आले. मॉलमधल्या कांड्यांच्या भावात घरच्या पाच जणांचे आणि शेजारच्या दोन घरांचे तोंड गोड झाले. ताटली मात्र फोडली नाही. स्टीलची होती.