तिची मॅच बघायला कोण आलंय?

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात हल्ली 'स्पोर्ट्स रोमान्स' असा वेगळा कप्पाच दिसतो. त्यातल्या बहुतेक पुस्तकांची मांडणी ठरलेली. तो आइस हॉकीच्या संघाचा कप्तान, रुंद खांद्यांचा, आतून कुठेतरी दुखावलेला. ती त्याच्या नावाची जर्सी घालून गॅलरीत. खेळ त्याचा, प्रेम दोघांचं. हा लेख त्या कप्प्याबद्दल नाही. त्याच्याच आसपास, जरा कोपऱ्यात पडलेल्या काही पुस्तकांबद्दल आहे. तिथे नायिका शाळेत जाणारी, पंधरा ते अठरा वर्षांची असते, घाम तिचा गळत असतो आणि गॅलरीत बसायची पाळी त्याची असते. तो येतो का, आला तर नेमकं काय बघतो, आणि ती जिंकली की त्याचा चेहरा कसा होतो, यावर या कादंबऱ्यांतलं प्रेम तरतं किंवा बुडतं. गेल्या पन्नासएक वर्षांतली ही पुस्तकं तपासायला मला याहून सोपी फूटपट्टी सापडलेली नाही.

ही पुस्तकं मुख्यतः अमेरिकन, आणि त्यांच्यामागे एक कायदा उभा आहे. जून १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्त्यांवर सही केली. त्यातलं नववं प्रकरण म्हणजे 'टायटल नाइन'. गंमत अशी की त्याच्या मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद चालणार नाही, एवढंच ते सांगतं. पण त्याचा सगळ्यात दणदणीत परिणाम मैदानावर झाला. १९७१-७२ साली अमेरिकेतल्या हायस्कुलांमधून खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार. २०१८-१९ पर्यंत हा आकडा ३४ लाखांवर गेला. वाचक असा आधी मैदानावर तयार झाला, पुस्तकं त्याच्या मागून आली.

कायद्याच्या अंमलबजावणीचे नियम १९७५ मध्ये आले आणि त्यांत एक पळवाट राहिली. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत मुलांच्या संघात मुलींना घेण्याची सक्ती शाळेवर नव्हती. कुस्ती, बॉक्सिंग, रग्बी, आइस हॉकी, अमेरिकन फुटबॉल आणि चक्क बास्केटबॉलही त्या यादीत. बास्केटबॉलला मुलींचा वेगळा संघ तरी असतो. फुटबॉलला बहुतेक ठिकाणी तोही नाही. म्हणजे ज्या खेळासाठी शुक्रवारी रात्री अख्खं गाव दिव्यांखाली जमतं, तो खेळायचा तर मुलीने मुलांच्या संघात घुसायचं, नाहीतर कडेला उभं राहायचं. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवं? या पुस्तकांतल्या इतक्या नायिका फुटबॉलकडेच का वळतात, याचं उत्तर मला इथे दिसतं. जिच्यावर संघाने विश्वास टाकायचा तिच्याच प्रेमात संघातलं कुणीतरी पडायचं, हा पेच तयारच मिळतो.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवायला हवी. आपल्याकडे खेळाचा अभ्यासाशी संबंध दहावीच्या क्रीडागुणांपाशी येतो आणि बहुतेकदा तिथेच संपतो. अमेरिकेत चांगला खेळाडू कॉलेजची अख्खी फी खेळाच्या जोरावर सोडवू शकतो. त्यामुळे कादंबरीतल्या गॅलरीत आवडता मुलगा असतो तसाच कॉलेजकडून आलेला, वहीत काहीतरी टिपत बसलेला प्रशिक्षकही असतो. नायिकेला दोघांसमोर एकाच वेळी खेळायचं असतं.

कायदा झाला त्याच वर्षी आर. आर. नडसन यांची 'झॅनबॉलर' आली. शाळेचा जिम दुरुस्तीसाठी बंद, म्हणून मुलींना नाच शिकायला धाडतात, तर झॅन हेगन नावाची पोरगी मुलींचा फुटबॉल संघच उभा करते. पुढच्या 'झॅनबँगर'मध्ये ती मुलांच्या बास्केटबॉल संघात जागा मिळावी म्हणून भांडते. या पुस्तकांत रोमान्स नाही. झॅनचा जोडीदार राइनहार्ट हा पुस्तकी किडा. खेळात कच्चा, पण तिच्या डावपेचांचं गणित मांडणारा. आज वाचताना तो अर्धवट आखलेल्या नायकासारखा वाटतो: मुलीचा खेळ गंभीरपणे घेणारा मुलगा. नडसन यांनी त्याला प्रेमात पाडलं नाही, हे बरंच केलं. जाता जाता सांगायचं तर या बाई कवयित्री मे स्वेन्सन यांच्या दीर्घकाळच्या जोडीदार होत्या. मुलीच्या गोष्टीचा शेवट मुलापाशीच व्हायला हवा, असं त्यांना वाटत नसावं.

ऐंशीच्या दशकात गाडी मागे गेली. १९८१ ची 'स्वीट ड्रीम्स' मालिका, १९८३ ची 'स्वीट व्हॅली हाय'. पोत्यांनी खपलेल्या या पुस्तकांत मैदान मुलांचं आणि कडेला उड्या मारणारी चिअरलीडर मुलींचा आदर्श. त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं फारसं नाही. मागे वळून पाहिलं तर जपानमध्ये मात्र त्याआधीच वेगळं चित्र होतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानी मुलींनी व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक मिळवलं आणि १९६८ पासून चिकाको उरानो यांची 'अटॅक नंबर वन' ही चित्रकथा मुलींच्या साप्ताहिकात येऊ लागली. पाठोपाठ १९७३ पासून सुमिका यामामोटो यांची टेनिसवरची 'एम फॉर द एस'. उरानोंच्या कथेत नायिकेचा आवडता मुलगा अपघातात जातो आणि ती खेळत राहते. प्रेम म्हणजे खेळातला अडथळा किंवा खेळासाठी दिलेली किंमत, असा तो कडक हिशेब.

हा हिशेब मोडून नवा मांडला तो कॅथरीन गिल्बर्ट मर्डॉक यांच्या 'डेअरी क्वीन'ने. २००६ ची ही कादंबरी मला या सगळ्या पुस्तकांत उजवी वाटते, आणि मराठीत एखादंच आणायचं झालं तर हेच आणावं. विस्कॉन्सिन राज्यातलं रेड बेंड नावाचं काल्पनिक गाव. डी. जे. श्वेंक हायस्कुलातली मुलगी. वडिलांचं कंबरेचं हाड दुखावलेलं, दोघे थोरले भाऊ बापाशी भांडून निघून गेलेले. दोन्ही वेळची धार काढणं, गोठा साफ करणं, वैरणीचे गठ्ठे रचणं, सगळं हिच्या गळ्यात. त्यापायी बास्केटबॉल सुटलंय, इंग्रजीत नापास झालीय. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला या गोठ्याचा वास लगेच ओळखीचा वाटेल.

शेजारच्या, हाडवैरी शाळेचा प्रशिक्षक या घराचा जुना स्नेही. तो आपल्या लाडावलेल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, ब्रायन नेल्सनला, अंग मोडून काम करायची सवय लागावी म्हणून या शेतावर पाठवतो. पहिल्याच दिवशी ब्रायन वैतागतो आणि डी. जे.ला तोंडावर सुनावतो, की तू या गायींसारखीच आहेस, जे सांगतील ते निमूट करतेस. दुसरी एखादी लेखिका असती तर इथे नायिकेने खणखणीत उत्तर दिलं असतं. डी. जे. गप्प बसते आणि दिवसचे दिवस ते वाक्य चघळत राहते. मग तिला घरातला, गावातला जो तो गायच दिसायला लागतो: ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जाऊन उभा राहणारा. त्यातूनच ती ठरवते की आपण फुटबॉल खेळायचं, आपल्या शाळेकडून, म्हणजे ब्रायनच्याच विरुद्ध.

मधल्या उन्हाळ्यात ती ब्रायनला शिकवते. कुरणात धावायला लावते, त्याची कुवत कुठे संपते ते पाहून त्याच्या पुढे एक पाऊल ढकलते. प्रेम इथे होतं. तो तिच्याकडे बघतो तो आपला प्रशिक्षक म्हणून, आणि त्या नजरेत आदर असतो. पण आपण संघात जातोय हे ती त्याला सांगत नाही. न बोलण्याचं बाळकडू या घराने पाजलेलंच असतं. पुढे 'द ऑफ सीझन'मध्ये खरी कसोटी लागते. एकांतात ब्रायनला ती आवडते, चारचौघांत, मित्रांसमोर तो तिच्याबरोबर दिसायला कचरतो. अंगापिंडाने दणकट, गोठ्यात राबणारी, मुलांना आडवं करणारी मुलगी आपली मैत्रीण आहे हे कबूल करायची त्याची छाती होत नाही. मर्डॉक त्याला खलनायक करत नाहीत, म्हणून तो जास्त लागतो. त्याच पुस्तकात डी. जे. खांदा दुखावल्यावर फुटबॉल सोडते, कारण बास्केटबॉलची शिष्यवृत्ती हातची जाऊ द्यायची नसते. तिसऱ्या 'फ्रंट अँड सेंटर'मध्ये कॉलेजचे लोक तिच्यामागे लागतात आणि या अबोल मुलीला सगळ्यात भीती वाटते ती बघितलं जाण्याचीच.

मिरांडा केनीली यांच्या 'कॅचिंग जॉर्डन'ची चाल वेगळी, जास्त फिल्मी. २०११ च्या या कादंबरीत टेनेसीतली जॉर्डन वुड्स हायस्कूल संघाची क्वार्टरबॅक आहे, कप्तान आहे, आणि संघाने ते केव्हाच पचवलंय. एक नवा देखणा क्वार्टरबॅक येतो, एक जुना मित्र मनात कुढतो. प्रेमाचा त्रिकोण पहिल्या पन्नास पानांत कळतो. मला त्यातलं आवडलं ते दुसरंच. जॉर्डनचे वडील स्वतः व्यावसायिक लीगमधले नामवंत क्वार्टरबॅक, आणि लेकीने खेळू नये म्हणून तिच्या सामन्यांपासून लांब राहणारे. गॅलरीतली ती रिकामी खुर्ची पुस्तकातल्या दोन्ही मुलांपेक्षा जास्त जागा खाते. खटकलेली गोष्टही सांगायला हवी: चिअरलीडर मुलींबद्दल जॉर्डनच्या बोलण्यात सुरुवातीला जी तुच्छता आहे, ती लेखिकेला उशिरा खुपते. 'मी बाकीच्या मुलींसारखी नाही' हा या प्रकारच्या पुस्तकांचा जुना आजार. केनीली यांनी याच हंड्रेड ओक्स शाळेभोवती घोडेस्वार, मॅरेथॉन धावपटू, पोहणारी अशा नायिकांची मालिका लिहिली. त्यातलं 'ब्रीद, ॲनी, ब्रीद' सरस आहे. मेलेल्या मित्राची अपुरी मॅरेथॉन पुरी करायला निघालेल्या ॲनीच्या लांब धावा, सुजलेले पाय, पोटाचे हाल, सगळं लेखिकेने नीट लिहिलंय.

असं लिहिणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. या पुस्तकांतल्या पुष्कळ नायिकांना सराव करावाच लागत नाही. सामन्याचा दिवस येतो, त्या जिंकतात, चुंबन होतं. शरीराकडे खरं लक्ष देणारी पुस्तकं थोडी. वेंडेलिन व्हॅन ड्रानन यांच्या 'द रनिंग ड्रीम'मधली जेसिका बस अपघातात गुडघ्याखालचा पाय गमावते. तिथलं प्रेम पुसटसं आहे, पण कृत्रिम पायावर तोल सावरण्याची पानं विसरता येत नाहीत. जेनिफर आयाकोपेली यांच्या 'ब्रेक द फॉल'मधली जिम्नॅस्ट ऑड्री पाठीच्या दुखण्यात इंजेक्शनं घेत ऑलिंपिकला निघते. पुस्तक २०२० च्या सुरुवातीला निघालं, टोकियो ऑलिंपिक गृहीत धरून, आणि महिन्याभरात खरं ऑलिंपिकच वर्षभर पुढे गेलं! या कादंबरीत मुख्य प्रशिक्षकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप होतो. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा झाली, त्याची सावली पानापानावर आहे. त्याआधीच्या पुस्तकांत तरुण प्रशिक्षकावर मन जडणं हे गोड गुपित म्हणून खपत असे. केनीली यांच्याच 'स्टीलिंग पार्कर'मध्ये सतरा वर्षांची मुलगी सहायक प्रशिक्षकात गुंतते. ते चूक आहे हे पुस्तक सांगतं, पण वाट धरायला वेळ लावतं. आज ते वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

अमेरिकेबाहेर घडणारी, पण इंग्रजीतच लिहिलेली यामिले सईद मेंदेस यांची 'फूरिया' २०२० ची. मेंदेस मूळच्या अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या, मेस्सीच्या गावच्या. नायिका कमिला हसान घरच्यांपासून लपवून फुटबॉल खेळते, अमेरिकन नव्हे, आपल्या ओळखीचा. बाप स्वतः माजी खेळाडू, हात उगारणारा. भाऊ व्यावसायिक संघात, त्याच्या पायांवर घराची सगळी स्वप्नं. बाईच्या जिवाला किंमत नसलेल्या वातावरणाविरुद्ध अर्जेंटिनात २०१५ साली 'नी उना मेनोस' ही चळवळ उभी राहिली. तिचा आवाज या गोष्टीत आहे. बायकांच्या फुटबॉलला तिथल्या संघटनेने व्यावसायिक दर्जा देण्याची घोषणा केली ती थेट २०१९ मध्ये. कमिलाचा बालमित्र डिएगो इटलीत युव्हेंटसकडून खेळतो, सुट्टीत गावी येतो, आणि तिला म्हणतो, चल माझ्याबरोबर तूरीनला. मुलगा चांगला आहे, प्रेम खरं आहे. पण त्या निमंत्रणात तिची जागा गॅलरीतच आहे, हे त्याला दिसत नाही आणि तिला दिसतं. ती जात नाही. नकार देतानाही तिला तो हवाच असतो, म्हणून हा प्रसंग खरा उतरतो. या पुस्तकाला किशोर-युवा गटातला पहिलावहिला पुरा बेल्प्रे पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

मग २०२२ मध्ये हॅना ग्रेस यांची 'आइसब्रेकर' आली आणि टिकटॉकवरच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली. नायिका फिगर स्केटर, नायक हॉकीचा कप्तान, वय विद्यापीठातलं. मुखपृष्ठ मात्र कार्टूनसारखं गोड. आतला मजकूर प्रौढांसाठी आहे हे मुखपृष्ठावरून कळत नाही आणि आठवी-नववीच्या मुली ते सहज उचलतात. नीतिपाठ द्यायचा हेतू नाही. तक्रार खेळाबद्दल आहे. नायिका उत्तम खेळाडू आहे असं आपल्याला सांगितलं जातं, पण पुढे हॉकीवाल्या नायकांचा जो पूर आला, त्यात नायिकेच्या हातातला खेळही गेला. झॅन हेगनने पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या जागेवर तिला पुन्हा आणून बसवलं.

या पुराच्या जरा आधी, २०२१ मध्ये, केली क्विंडलेन यांची 'शी ड्राइव्ह्ज मी क्रेझी' निघाली होती. हलकीफुलकी, खोट्या प्रेमाच्या नाटकातून खऱ्या प्रेमाकडे जाणारी. दोघीही मुली. स्कॉटी बास्केटबॉल खेळते, तिची पूर्वीची मैत्रीण वैरी शाळेच्या संघात गेलेली, म्हणून जखम ताजी. दुसरी आयरीन अब्राहम, भारतीय वंशाची, चिअरलीडर संघाची कप्तान. स्कॉटीच्या मनात चिअरलीडरबद्दल तोच जुना आकस. आयरीनचं म्हणणं साधं आहे: मी हवेत फेकली जाते, मनगटं दुखावतात, रोज सराव करते, मग मी खेळाडू का नाही? माझं नाव शाळेच्या खेळाडूंच्या पुरस्काराला का जात नाही? तिच्या आईलाही हा सगळा पोरखेळ वाटतो. माझ्या फूटपट्टीची इथे पंचाईत होते. इतकी वर्षं जिला आपण कडेला उभी राहून दुसऱ्यांसाठी ओरडणारी समजत आलो, ती स्वतःच सामना खेळत होती, आणि तिची मॅच बघायला खेळणाऱ्या नायिकाही कधी आल्या नव्हत्या.