शिफारशीची जामीनकी

दुसऱ्यासाठी चित्रपट निवडणाऱ्या माणसाने प्रथम त्या दुसऱ्याच्या दिनक्रमाची चौकशी करावी. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणीचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. येथील प्रेक्षकांत पाळी संपवून आलेला खाणकामगार असतो, भट्टीवर राबलेला मजूर असतो, कपाशीच्या वेचणीचा हिशेब डोक्यात घोळवणारा शेतकरी असतो, वणीच्या महाविद्यालयात जाणारी मुलेमुली असतात, आणि खाणीच्या रोजगारामागोमाग परप्रांतातून येऊन येथेच स्थिरावलेल्या, घरात हिंदी किंवा तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांतील माणसेही असतात. अशा संमिश्र सभेपुढे महिन्यातून एकदा, शाळेच्या सभागृहात पडदा बांधून, कधी जुना तर कधी नवा चित्रपट दाखवावा आणि त्याची शिफारस करणारे एकपानी पत्रक आठवडाभर आधी गावात वाटावे, हे काम आमच्या लहानशा मंडळीने अंगावर घेतले, आणि त्यातील निवडीची व पत्रकाच्या मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आली.

या कामाला परंपरा आहे, आणि ती सामान्य नव्हे. 1959 साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, आणि पी. के. नायर यांनी तेथे केवळ फिती जतन करण्यावर समाधान न मानता 16 मिलीमीटरच्या प्रती गावोगावच्या मंडळांकडे रवाना करण्याची प्रथा वाढवली. मुंबईत 1968 पासून प्रभात चित्र मंडळाने मराठी प्रेक्षकांना जगाच्या चित्रपटांची ओळख करून दिली. परंतु राजूरच्या दृष्टीने मला सर्वांत जवळचा दाखला वाटतो तो कर्नाटकातील हेग्गोडूचा. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या निनासम या संस्थेने, सतीश बहादूर यांच्यासारख्या अध्यापकांचे साहाय्य घेऊन, सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या खेडुतांपुढे राय आणि इटालियन दिग्दर्शक डी सिका यांचे चित्रपट ठेवले, आणि ग्रामीण माणसाला गंभीर चित्रपट पचत नाही हा नगरवासीयांचा सोयीस्कर समज निराधार ठरवला. समज निराधार ठरला म्हणजे काम सोपे झाले असे मात्र नाही. प्रेक्षक समर्थ आहे असे एकदा मान्य केले की त्याचा वेळ वाया घालवल्याचा दोष सर्वस्वी शिफारस करणाऱ्यावर येतो.

म्हणून निवडीचा चित्रपट मी दोनदा पाहतो. पहिल्या खेपेस तो माझ्यासाठी असतो. त्या वेळी लेखणी हातात नसते. दुसऱ्या खेपेस मी आमच्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून तो पाहत असल्याची कल्पना करतो. संवाद कुजबुजीत असतील तर पंख्यांच्या आवाजात ते ऐकू येतील काय, अंधारात चित्रित झालेली दृश्ये आमच्या मंद दिव्याच्या प्रक्षेपकातून दिसतील काय, सबटायटलच्या ओळी किती घाईने बदलतात, आणि ज्यांना त्या वाचणे जमत नाही त्यांच्यासाठी कोणत्या ठिकाणी दोन वाक्ये मराठीतून बोलावी लागतील, याचे टिपण त्या वेळी होते. त्यानंतर हक्कदाराच्या लेखी परवानगीचा पत्रव्यवहार असतो, कारण घरी पाहण्यासाठी घेतलेली तबकडी सभेपुढे लावण्याचा अधिकार देत नाही. शेवटी तारखेचा बंदोबस्त: पगाराच्या आठवड्यात गर्दी होते, वेचणीच्या दिवसांत स्त्रिया येत नाहीत, आणि दुसऱ्या पाळीची माणसे हवी असतील तर रविवारवाचून गत्यंतर नसते.

पत्रक लिहिणे हा या सर्व व्यवहारातील सर्वांत अवघड भाग होय. एखाद्याने दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहावे, तसा शिफारस करणारा अनोळखी दिग्दर्शकासाठी ओळखीच्या माणसांपुढे जामीन राहतो. आणि जामिनाने ज्याप्रमाणे ऋणकोची स्तुती करण्यापेक्षा त्याची खरी परिस्थिती सांगणे इष्ट, त्याप्रमाणे पत्रकातही विशेषणांपेक्षा वस्तुस्थिती अधिक उपयोगी पडते. चित्रपट किती लांबीचा आहे, रंगीत की कृष्णधवल, गाणी आहेत की नाहीत, कथा कोठे घडते, आणि पहिली वीस मिनिटे संथ असतील तर ती संथ का आहेत, एवढे मी लिहितो. कथानकाचा पहिला चतुर्थांश ओलांडायचा नाही, हा नियम मला प्रेक्षकांनीच घालून दिला. एका भगिनीने सरळच बजावले होते, “भाऊ, कोन कसा हाय ते सांगा, पन पुढं काय होते ते सांगू नोका.” ‘अजरामर’, ‘अद्वितीय’, ‘चुकवू नये असा’ ही शब्दसंपत्ती मी दप्तरातून काढूनच टाकली आहे, कारण असे शब्द वाचलेला प्रेक्षक चित्रपटाऐवजी त्या शब्दाची परीक्षा घ्यायला येतो.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) निवडताना माझ्यापुढे निराळाच पेच होता. कर्जाने आणि अवर्षणाने गांजलेला विदर्भातील शेतकरी किसना, आणि नवरा जिवाचे काही बरेवाईट करील या धास्तीने त्याच्यावर पाळत ठेवणारी त्याची बायको अलका, ही कथा ज्यांच्या शिवारातली आहे त्यांनाच ती पाहा म्हणून सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्न मनात होता. ज्यांनी असे मरण आपल्या आळीत पाहिले आहे त्यांना विषय आधी कळणे आवश्यक, म्हणून पत्रकात विषय स्पष्ट लिहिला. आणि चित्रपटात हसू येण्याजोग्या जागा आहेत, भाषा वऱ्हाडी आहे, हेही लिहिले. लोक आले. पडद्यावरच्या बोलीला त्यांनी मनमोकळी दाद दिली, पण चित्रपट संपल्यावर चर्चा चालली ती बियाण्यांच्या भावाविषयी आणि सावकाराविषयी. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) दाखवताना उलट बाजूने तयारी करावी लागली. एका लोकशाहिरावरील खटल्याची ही हकीकत सांगताना कॅमेरा दीर्घकाळ हलत नाही आणि तारखेवर तारीख पडत राहते, हे मी आधीच नमूद केले होते. शाहिराचे काम करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, ही माहिती येथील आंबेडकरी तरुणांना चित्रपटाकडे घेऊन आली. आणि ज्यांनी तहसील कचेरीच्या बाकावर दिवस काढले होते, त्यांनी त्या संथपणाविषयी एका शब्दाचीही तक्रार केली नाही.

जुन्या चित्रपटांची शिफारस करताना त्यांच्या वयाचा उल्लेख पुरेसा मानू नये, असे माझे मत आहे. जो चित्रपट प्रेक्षकाने पाहिलेला नाही तो त्याच्यापुरता नवाच असतो, आणि नव्याची ओळख त्याच्या आयुष्याशी असलेल्या नात्याने करून द्यावी लागते. 1952 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहून बिमल रॉय प्रभावित झाले, आणि पुढच्याच वर्षी ‘दो बीघा जमीन’ आला. हे दोन चित्रपट लागोपाठच्या महिन्यांत ठेवताना मी क्रम उलटा केला, आधी बलराज साहनींचा रिक्षा ओढणारा शंभू आणि मग रोमच्या रस्त्यांवर सायकल शोधणारा बाप, कारण परक्या शहरात शिरण्यासाठी ओळखीचा सोबती हवा.

पाब्स्ट या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा ‘कामेराडशाफ्ट’ (1931) हा खाणीचाच चित्रपट. 1906 साली फ्रान्समधील कूर्रियेर येथील कोळसाखाणीत स्फोट होऊन हजारावर माणसे मृत्युमुखी पडली आणि जर्मन खाणकामगार तेथे मदतीला धावून गेले, या घटनेचा आधार घेऊन पाब्स्टने कथा महायुद्धानंतरच्या सीमेवर आणली. फ्रेंच आणि जर्मन या दोन्ही भाषा त्यात बोलल्या जातात, आणि पात्रांनाच एकमेकांचे बोलणे समजत नाही, म्हणून आपल्याला समजले नाही तरी खंत करू नये, असे मी पत्रकात लिहिले. चित्रपट संपल्यावर खाणीतून निवृत्त झालेले एक काका उठले आणि नायकाविषयी एक अक्षर न काढता छताला दिलेल्या लाकडी टेकूंविषयी बोलू लागले: “हे टेकू कच्चे हायेत, भाऊ, असे लावले तं छत बसनच.” ती खाण बव्हंशी स्टुडिओत उभारलेली होती, असे मी सांगताच दुसऱ्याने त्यांचे म्हणणे खोडले, तिसऱ्याने आपल्या पाळीवरचा अनुभव काढला, आणि बचावासाठी आत उतरणाऱ्याने आधी काय तपासावे यावर जो वाद रंगला, तसा जाणता वाद मी शहरातील कोणत्याही रसिकसभेत ऐकलेला नाही.

त्या रात्री एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी इतके दिवस जामीनकी एकतर्फी समजत होतो. वस्तुतः ज्या विषयात प्रेक्षक माझ्याहून अधिक जाणतो, त्या विषयापुरती शिफारशीची सूत्रे त्याच्याच हाती असणे न्याय्य होय. गावाने आता ‘काला पत्थर’ची (1979) मागणी केली आहे. 1975 च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून झालेल्या दुर्घटनेची छाया त्या चित्रपटावर आहे, आणि तो अनेकांनी पूर्वी पाहिलेला असल्याने माझ्या शिफारशीची त्याला गरज नाही. पत्रकाचा मजकूर त्या काकांनी सांगावा आणि मी उतरून घ्यावा, असे ठरले. पहिल्याच बैठकीत त्यांनी अट घातली: तारांकित नटांची नावे शेवटी; आरंभी जुन्या खाणीत साठलेले पाणी शेजारच्या चालू खाणीत कसे फुटते आणि त्याची चाहूल कामगाराला कशी लागते, एवढे चार ओळींत आले पाहिजे. त्या चार ओळी त्यांनी मला तीनदा फिरून लिहायला लावल्या, आणि तिसऱ्या खेपेस दिलेला मजकूर माझ्या आजवरच्या सर्व पत्रकांहून सरस उतरला आहे.