तळेघरच्या बाजूची शाळा

‘हायस्कूल’ हा शब्द उच्चारला म्हणजे शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें उपनगरांतली एखादी भरभक्कम इमारत उभी राहते. मुंबईजवळच्या विलेपार्ल्यास १९२१ सालीं लोकमान्यांच्या स्मरणार्थ निघालेलें पार्ले टिळक विद्यालय हें या जातीचें उत्तम उदाहरण होय. आगगाडीच्या रुळांच्या दोहों बाजूंस वस्ती वाढली, वस्तीबरोबर शाळा वाढली. तेथील मूल सकाळीं शाळेंत जातें आणि सायंकाळीं आईच्या हातचें जेवतें. शाळा आणि घर यांच्यामध्यें फार तर चार गल्ल्या.

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत, घोडेगांवाहून भीमाशंकरास जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर नांवाचें गांव आहे. त्या बाजूस हा सारा हिशेब उलटा होतो. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. गांव म्हणजे डोंगराच्या उतारावर विखुरलेल्या वाड्या. पाऊस असा कीं, आषाढांत समोरची वाडी दिसत नाहीं, आणि मधला ओढा भरला म्हणजे ती असून नसल्यासारखीच.

प्राथमिक शाळा एका-दोघा शिक्षकांवर चालूं शकते, म्हणून ती वाडीपर्यंत पोंचते. माध्यमिक शाळेचें तसें नाहीं. गणिताला एक, शास्त्राला एक, भाषांना एक-दोन असे शिक्षक लागतात. प्रयोगाचें सामान लागतें. आणि एवढा पसारा एका वाडीच्या आठ-दहा मुलांसाठीं कोणी मांडीत नाहीं. तेव्हां शाळा एके ठिकाणीं आणि मुलें दहा ठिकाणीं, अशी स्थिति ठरलेली. कायद्याचा हातहि येथेंच आंखडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस हक्क दिला. त्याखालील नियमांनीं पांचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आंत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आंत असावी, असें ठरविलें. नववी-दहावीविषयीं तसें वचन नाहीं. आणि मुलगी घरीं बसते ती नेमकी याच वयांत. मुलाला बाप रानांतून एकटा धाडतो. मुलीला धाडीत नाहीं. त्याला अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे, परंतु ती वाट एकदां पावसाळ्यांत चालून पाहिली म्हणजे त्या बापाचें म्हणणें कळतें.

या अडचणीवरची युक्ति महाराष्ट्रास जुनीच ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास वसतिगृह काढलें तें १९२४ सालीं. रयत शिक्षण संस्थेचें पहिलें हायस्कूल तेथें निघालें तें १९४० सालीं. आधीं राहण्याची व भाकरीची सोय, मग वरचे वर्ग, हा क्रम त्यांनीं खेड्यांतला पोर ओळखूनच लावला होता. पुढें शासनाच्या आश्रमशाळा निघाल्या, त्या याच न्यायानें. आंबेगांवच्या पश्चिम भागांत तेरुंगण, आसाणें, गोहें येथें अशा शाळा आहेत. मूल तेथेंच राहतें, जेवतें, शिकतें. पुस्तकें शाळेकडून मिळतात. या शाळांचा कारभार पाहणारें आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालय घोडेगांवास आहे.

मात्र या सोयीला एक बोचहि आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास वसतिगृह मानवतें. सहा वर्षांच्या लेंकरास आईपासून तोडून तेथें ठेवणें हा निव्वळ नाइलाज होय. वाडीवरची लहान शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद करण्याची गोष्ट निघते, तेव्हां ती काटकसर कोणाच्या जिवावर होते, हें कागदावर दिसत नाहीं.

या भागांत शाळेला शेतीचें पंचांगहि सांभाळावें लागतें. जूनमध्यें शाळा उघडते, आणि पाट्या-वह्या ठिकाणावर येतात न येतात तों भाताची आवणी येते. घरीं दोन हात कमी पडतात. बाप शाळेच्या दाराशीं येऊन उभा राहतो. उन्हाळ्यांत बाळहिरडा वेंचून वाळविण्याचे दिवस सुट्टींत येतात, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट. कारण अनेक घरांत रोख पैसा दिसतो तो त्या हिरड्याचाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें या पट्ट्यांतील हिरड्याचीं झाडें मोडलीं. उपनगरांतील पालकाला झाड मोडणें आणि शाळेची वही यांचा संबंध सांगावा लागेल. तळेघरास तो सांगावा लागत नाहीं.

शाळा गांवाची कोण लागते, याचा दाखला याच भागानें फार कठोर रीतीनें पाहिला. ३० जुलै २०१४ रोजीं, बुधवारीं सकाळीं, माळीण गांवावर डोंगर कोसळला. चाळीसांहून अधिक घरें आणि दीडशेंच्या वर माणसें चिखलाखालीं गेलीं. बाहेर वसतिगृहांत राहून शिकणारीं कांहीं मुलें त्या सकाळीं घरीं नव्हतीं, म्हणून राहिलीं. त्यांना परत नेण्यास कोणी उरलें नव्हतें. कांहीं काळ शाळा हेंच त्यांचें घर झालें. पुढें आमडें येथें नवें माळीण वसविलें, आणि २ एप्रिल २०१७ रोजीं तेथील घरें लोकांच्या स्वाधीन झालीं. त्या वसाहतींत घरांबरोबर शाळाहि बांधली आहे.

आवणीच्या दिवसांत दाराशीं आलेल्या बापाला अनुभवी मुख्याध्यापक नियम वाचून दाखवीत नाहीं. तो पावसाचें विचारतो, खाचरें किती राहिलीं तें विचारतो, आणि चार दिवसांच्या रजेवर मुलीला सोडतो. पांचव्या दिवशीं ती आली नाहीं, तर ओढा उतरतांच एक शिक्षक तिच्या वाडीची वाट धरतो.