पुरवठादाराच्या करारात बुडालेले पेटंट

वॉशिंग्टन : व्हाइट हाउसजवळच्या लाफाएट चौकाच्या कडेला पेटंटच्या अपिलांचे न्यायालय आहे. देशभरातल्या जिल्हा न्यायालयांतले पेटंटचे वाद १९८२ पासून इथेच येतात. अमेरिका पेटंटकडे कसे पाहते हे समजून घ्यायचे, तर या न्यायालयाचा २००१ मधला ‘स्पेशल डिव्हायसेस विरुद्ध ओईए’ हा निकाल वाचावा. एअरबॅगचा इन्फ्लेटर पेटवणाऱ्या इनिशिएटरमधला एक इवलासा भाग हे वादाचे कारण. धडक बसताच पिनांमधून वीज बारीक तारेत शिरते, तार तापून दारू पेटते, तिच्यामुळे गॅस तयार होतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत पिशवी फुगते. त्या पिना काचेत घट्ट बसवणाऱ्या हेडरचे पेटंट ओईएकडे होते. एवढी नाजूक रचना, आणि पेटंट बुडाले ते मात्र तारखेपायी.

इथला नियम असा की, वस्तू विक्रीला निघाली की वर्षाच्या आत अर्ज करायचा. ओईएने हेडर मोठ्या संख्येने बनवून घेण्यासाठी पुरवठादाराशी केलेला करार त्या मुदतीच्या आधीचा निघाला. माझीच वस्तू मलाच विकली, ती कसली विक्री, असा ओईएचा सवाल होता. पुरवठादारासाठी वेगळा अपवाद कायद्यात नाही, असे सांगून न्यायालयाने तो निकालात काढला. यामागचा विचार मला पटतो. मक्तेदारी ठरावीक वर्षांपुरती असते. आधी धंदा जमवून अर्ज सावकाश करू दिला, तर ती मागच्या दाराने लांबते. पण ज्याचा स्वतःचा कारखाना आहे, त्याने तोच माल घरात बनवून साठवला तर कोणी विचारत नाही. ज्याची भट्टी नाही तो अडकतो. वर्षभराची सवलत होतीच की, हे उत्तर इथे अपुरे पडते, कारण सवलत संपल्यावरही भट्टीवाला सुरक्षितच राहतो.

उपाय ‘विक्री’च्या व्याख्येत होता, आणि २०१६ मध्ये पूर्ण पीठाने ‘मेडिसिन्स कंपनी विरुद्ध होस्पिरा’ या औषधाच्या खटल्यात तो केला. मालाची मालकी संशोधकाकडेच राहिली आणि कंत्राटदाराने नुसती मजुरी घेतली, तर ती विक्री नव्हे. पुरवठादारांना सरसकट सूट मात्र तेव्हाही दिली नाही, आणि ते योग्यच झाले. नाहीतर खरे सौदेही जॉबवर्कच्या नावाखाली खपले असते. यामुळे अनिश्चितता वाढते हे खरे, पण ती करार नीट लिहून बरीच टाळता येते. सौदा गुप्त होता ही सबबही चालत नाही, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘हेल्सिन’ खटल्यात सांगितले. युरोपात असा गोपनीय सौदा पेटंटच्या आड येत नाही. चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहून ठेवावी : मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना लागू असलेल्या कायद्यातून ‘या देशात’ ही विक्रीवरची अट गेली आहे, त्यामुळे पुण्यात झालेला सौदाही अमेरिकेतल्या अर्जाला आडवा येऊ शकतो.