जर-तरची फ्रेंच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसानं दगा दिला की रिसोडच्या बाजारात एक वाक्य हमखास कानी पडतं, ‘पानी आलं असतं त सोयाबीन हाती लागलं असतं.’ शाळेच्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. ‘आलं तर लागेल’ म्हणणाऱ्याची आशा शिल्लक असते. ‘आलं असतं तर’ म्हणणाऱ्याचा हंगाम गेलेला असतो.

फ्रेंचमध्येही असा अर्थ आहे. त्याचं रूप गमतीचं आहे: धड भविष्यकाळाचं आणि शेपूट अपूर्ण भूतकाळाचं. ‘नू पार्लरों’ म्हणजे आम्ही बोलू, ‘नू पार्लियों’ म्हणजे आम्ही बोलत होतो. दोन्हींची सांगड घाला, की झालं ‘नू पार्लरियों’, आम्ही बोललो असतो. मधला ‘र’ भविष्याचा, शेवटचं ‘इयों’ भूताचं. काही क्रियापदं धड बदलतात, ती पाठच करावी लागतात.

मराठी माणूस अडखळतो तो पुढे. आपण ‘असता’ दोन्हीकडे लावतो, जरकडेही आणि तरकडेही. फ्रेंचमध्ये ‘सी’, म्हणजे ‘जर’, असलेल्या भागात हे रूप चालत नाही. तिथे साधा अपूर्ण भूतकाळ, आणि संकेतार्थ फक्त उत्तरात.

आता हे पाहा. ‘पैसे असते तर शेत घेतलं असतं.’ हे आजचं बोलणं की दहा वर्षांपूर्वीचं? मराठीत ते संदर्भावरून कळतं. फ्रेंच माणसाला आधीच ठरवावं लागतं. आजचं असेल तर ‘सी जाव्हे द लार्जां, जाशेत्रे’. संधी गेली असेल तर ‘सी जाव्हे यू द लार्जां, जोरे आश्ते’. शेत अजून घेता येईल की विकलं गेलं, हे क्रियापदच सांगतं.

हेच रूप नम्रपणासाठीही वापरतात. कॉफी मागताना ‘ज वूद्रे’ म्हणतात. आपण दुकानात ‘दोन किलो डाळ पाहिजे होती’ म्हणतो, तसंच. डाळ कालची नसते, आपल्यालाही ती आताच हवी असते!

वर्तमानपत्र वाचताना मात्र सावध राहा. ‘ल मिनिस्त्र सरे मालाद’ ही बातमी ‘मंत्री आजारी असते’ अशी लावली तर घोटाळा होतो. खात्री न झालेली बातमी फ्रेंच पत्रकार याच रूपात देतात. तिचं मराठी एवढंच: ‘मंत्री आजारी आहेत म्हणे.’