कोण कोणाला समजत नाही?

सॅली नावाची बाहुली आपल्या टोपलीत गोटी ठेवते आणि बाहेर जाते. तेवढ्यात ॲन नावाची दुसरी बाहुली ती गोटी काढून स्वतःच्या खोक्यात लपवते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल?

लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी हा प्रश्न मुलांना विचारला. १९८५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वमग्नता नसलेल्या छोट्या मुलांपैकी आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी ‘टोपलीत’ हे बरोबर उत्तर दिले. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी मात्र गोटी खरोखर जिथे होती, तिकडेच बोट दाखवले. डाउन सिंड्रोमच्या मुलांपेक्षा त्यांचा सरासरी बुद्ध्यांक जास्त होता, त्यामुळे अडचण बुद्धीची नव्हती. दुसऱ्याच्या मनातली समजूत आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे ओळखण्याच्या क्षमतेला ‘थिअरी ऑफ माइंड’ म्हणतात. ती स्वमग्न मुलांमध्ये कमी पडते, असा निष्कर्ष निघाला.

प्रयोग महत्त्वाचा होता. पण लोकांच्या तोंडी त्याचे रूप बदलत गेले. ‘त्यांना दुसऱ्याचे मन कळत नाही’ इथून सुरू झालेली गोष्ट ‘त्यांना दुसऱ्याबद्दल काही वाटतच नाही’ इथवर पोहोचली. हा अन्याय आहे.

मुळात चार मुलांनी बरोबर उत्तर दिले होते, आणि भाषा विकसित झाली की अनेक स्वमग्न मुले ही चाचणी पार करतात. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, घरी खुणांची भाषा न मिळालेली कर्णबधिर मुलेही याच प्रकारच्या प्रश्नाला अडखळली. म्हणजे मन वाचण्याची ही क्षमता उपजत मिळते तेवढीच नसते, ती आजूबाजूच्या संवादावरही पोसली जाते.

शिवाय दुसऱ्याचा विचार ओळखणे वेगळे आणि त्याच्या दुःखाने कासावीस होणे वेगळे. काहींना स्वतःच्याच भावना ओळखून सांगता येत नाहीत. याला ‘ॲलेक्सिथायमिया’ म्हणतात. जिवलगाच्या वेदनेला मेंदू कसा प्रतिसाद देतो, हे २०१० साली जेफ बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. प्रतिसादातली घट या ॲलेक्सिथायमियाशी जोडलेली निघाली, स्वमग्नतेशी नाही.

खरी कलाटणी दिली ती स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी. २०१२ साली त्यांनी मांडले की गैरसमज दोन्हीकडून होतो. जग वेगळ्या रीतीने अनुभवणारी दोन माणसे समोरासमोर आली की दोघांचाही एकमेकांबद्दलचा अंदाज चुकतो, मग दोष एकाच्याच माथी का? २०१७ साली नोआ सॅसन यांच्या गटाने दाखवले, की स्वमग्न व्यक्तीला काही सेकंद पाहूनच लोक तिच्याबद्दल प्रतिकूल मत बनवतात. तिचे बोलणे नुसते लिहून वाचायला दिले, तेव्हा मात्र हा दुजाभाव उरला नाही.

२०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या गटाने एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे अशी पुढे सांगायला लावली. नुसत्या स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती बिगर-स्वमग्नांइतकीच टिकली, मिश्र साखळीत मात्र जास्त विरली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतली ही घट दिसली नाही. त्यामुळे मिल्टन यांच्या मांडणीचे तपशील अजून तपासले जात आहेत. पण गोष्ट पोहोचवण्यात स्वमग्न व्यक्ती मागे पडत नाहीत, हे दोन्ही वेळा दिसले.

पालक, शिक्षक आणि सहकारी यांना आजपासून करता येईल असे बरेच आहे. सूचक बोलण्याऐवजी स्पष्ट सांगा. उत्तरासाठी वेळ द्या. नजरेला नजर मिळवण्याची सक्ती करू नका. चेहऱ्यावरून तर्क करण्यापेक्षा ‘तुला काय वाटतंय?’ असे सरळ विचारा. स्वमग्न मुलाला आपले मन ओळखायला वर्षानुवर्षे शिकवले जाते. त्याचे मन ओळखायला शिकणे हा आपल्याही अभ्यासक्रमाचा भाग असायला हवा.